तो कारकून झाला तेव्हा

पहिल्यांदा तो मेला तेव्हा मी कुपवाडला होते,
आत्याच्या माडीवर.
तिकडं गणपती पेठेत आमच्या घरात
फ्रिजच्या दारापर्यंत कृष्णा.
भाचीनं फोन पुढं केला. म्हणाली, मावशी, हे बघ,
पाण्याचे व्हिडिओ बघून काय ते उतरणार आहे?

युवराज होता तो.
सख्ख्या भावानं दिलेला काढा घोटाघोटानं प्यायला,
सगळं ठाऊक असून,
आणि वाटी खाली ठेवताना
आवाज होऊ दिला नाही.
माझा जीव आधी त्या वाटीवर जडला.
चेहऱ्यावर नंतर.

ओक दो-ग्यॉम.
नाव तोंडात बसायला महिना लागला.
आमच्या अडतीतले तांबोळीचाचा अजून विचारतात,
काय म्हणतोय तुमचा ओक्के?

पूर ओसरला. चिखल खरवडला. मी परत
मार्केट यार्डात, हळदीच्या पावत्यांवर.
दुपारी डबा उघडायचा आणि फोन
पाण्याच्या बाटलीला टेकवायचा.
तिथं तो सुपारी घेऊन माणसं मारायला लागला.
मारण्याआधी कोट काढून घडी घालायचा,
बाहीला बाही जुळवून, इस्त्रीवाल्यासारखी.
चार दिवस मी फोन पालथा ठेवून जेवले.
अरे, याच हातांनी ना ती वाटी ठेवलीस?

मग घरजावई. सासूच्या खानावळीत कोंबडी तळणारा,
रडला की कांद्यावर ढकलणारा.
मी इतकी हसले की वजनकाट्यावरचा हमाल
पोतं टाकून बघायला आला,
आणि पुढचे अकरा भाग आम्ही दोघांनी बघितले.

मग एका पुलाचा राखणदार, तीनशे वर्षांचा.
अंगात एकच पांढरा झगा, कधी न मळणारा.
(बघितलं नाही बघितलं केलं मी. भुतांना धुणं नसतं.)
तेव्हापासून रिक्षा आयर्विन पुलावर चढली
की मी उगाच कठड्याकडं बघते.

प्रियकर म्हणून मात्र तो मला पटत नाही.
छत्री धरून उभा राहतो नुसता.
त्याच्यापेक्षा पाऊस बरा काम करतो.

पण जेवतो खरं.
बाकीचे भात चिवडतात, कॅमेरा वळायची वाट बघतात.
हा चावतो, गिळतो,
दाताला लागलेलं जिभेनं काढतो.
राजा असो, खुनी असो,
जेवताना तो मला सापडतो.

आणि यंदा कारकून झाला.
शेहेचाळीस वर्षांचा, गाल उतरलेले,
बंदरावरच्या एका गोदामात.
वही, शिक्का, कागदी कपात चहा.
मी सरसावून बसले. आता माझ्या गल्लीत आलास, बाबा.

पहिल्याच भागात चुकला.
बेरीज करताना बोट सरळ खाली आणलं
आणि हातचा कुठंच ठेवला नाही.
हातचा दिसतो रे माणसावर.
वीस वर्षं मी तो ओठाच्या कोपऱ्यात धरते,
कुणी हाक मारली तरी सांडत नाही.
चाचा भुवईत ठेवतात.
याचा चेहरा कोरा. पाटी पुसल्यासारखा.
वाईट वाटलं. घरच्या पोराला
कमी मार्क पडावेत तसं.

सहावा भाग काल बघितला.
रात्री तो कामावरून येतो. तिसरा मजला.
दाराला आकड्यांचं कुलूप, चार आकडे, पाठच असणार.
बोट वर नेतो. दाबत नाही.
आतून भांड्यांचा आवाज, टीव्ही,
कुणीतरी कुणालातरी ओरडतंय.
जिन्यातला दिवा आपोआप विझतो.
तो हात हलवतो, दिवा लागतो.
उभा राहतो.
परत विझतो. या वेळी हात हलवत नाही.

मी पण थांबते.
दुसऱ्या जिन्यावर, मीटरच्या पेटीपाशी,
किल्ली मुठीत, नखांत हळद.
दोन मिनिटं, कधी पाच.
आजवर कुणालाच बोलले नाही मी हे,
चाचांना नाही, भाचीला नाही.

ओठाचा कोपरा बघितला त्याचा, अंधारात, पुन्हा मागं नेऊन.
होता.
हातचा होता तिथं.

भाग तिथंच थांबवला.
काचेवर माझ्या अंगठ्याची पिवळी खूण उमटलेली,
बरोबर त्याच्या कुलपावर.
पुसायला पदर घेतला होता,
राहू दिली.